थंड तेल

१४ फाल्गुन

आले बाई एकदाची सासरी. ही वही देताना दादा म्हणाला होता की टुसू, तिथे भांडायला मी नसणार, तेव्हा हिच्याशीच भांड. म्हणून पहिलं भांडण हे: आमच्या पुरुलियात चैत्र लागला की घागरभर पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात, आणि इथे पुंटीखालीत घराच्या पायरीपर्यंत पाणीच पाणी. पुढे तळं, मागे तळं, न्हाणीघराच्या खिडकीतून डोकावलं तरी तळं. देवाला वाटणी करता येत नाही हेच खरं.

सासरे, नकुल माइती, माशांच्या पिल्लांचा धंदा करतात. इकडे पिल्लांना पोना म्हणतात. मोठ्या माशांची अंडी घ्यायची, उबवायची, पोना बोटभर झाला की ॲल्युमिनियमच्या हांड्यांत भरून विकायला पाठवायचा. माझा नवरा निताई त्या हांड्या घेऊन रेल्वेने पार बिहारपर्यंत जातो. वाटभर हाताने पाणी थापटत राहावं लागतं, नाहीतर पोना गुदमरून मरतो. लग्नानंतर गाडीत बसलो तर झोपेतही त्याचा हात माझ्या गुडघ्यावर थाप थाप चाललेला. मी कानात सांगितलं, अहो, मी पोना नाही, मी गुदमरणार नाही. समोरची म्हातारी तोंडाला पदर लावून हसली.

दारात सासूबाईंनी ओवाळलं आणि हातात जिवंत मासा दिला. नवी सून मासा धरूनच घरात शिरते. माझ्या हातून तो सुळकन निसटला आणि मामेसासऱ्यांच्या धोतरात घुसला. उलू, म्हणजे जीभ हलवून मंगल आवाज, करायला जमलेल्या बायकांचं उलू राहिलं बाजूला, हसून हसून सगळ्या भिंतीला टेकल्या. इथे सुनेला बौमा म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, "शिकशील गं बौमा. आमच्याकडे मासा धरता आला नाही तर जेवायला काय मिळणार?" मैत्रिणींनी सासूचा केवढा धाक घातला होता मला. इतकी मायाळू बाई मी माझ्या माहेरीही पाहिली नाही.

एक गंमत लिहून ठेवते. घरात सगळ्यांची नखं तपकिरी आहेत. थोरल्या जावेची तर जांभूळ खाल्ल्यासारखी. निताई म्हणाला तळ्याचा चिखल आहे, कितीही घासलं तरी निघत नाही. मी म्हटलं, माझी मी आलता लावून लाल ठेवीन.

२ चैत्र

घराची घडी कळायला लागली. थोरली जाऊ लतिका, हिला मी दिदी म्हणते. बोलते कमी, काम करते दोघींचं. दीर गौर सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहेत आणि दुर्गापूजेलाही येत नाहीत. शेजारच्या काकूंनी कारण सांगितलं. दिदीचं एक मूल झालं आणि गेलं. सासूबाईंचं म्हणणं, तिने साधेच्या दिवशी, म्हणजे डोहाळजेवणाला, माशाच्या डोक्यातला एक डोळा ताटात टाकून दिला होता. गर्भाचं ताट उष्टं टाकलं, मग दुसरं काय होणार. मी मनात म्हटलं, एका डोळ्यापायी मूल नेणारा देव असेल तर त्याला माझा नमस्कार लांबूनच.

मोठ्या तळ्यात बुडीमा राहते. ही कटला मासळी निताई शाळेत जायला लागला त्या वर्षी तळ्यात सोडलेली. घरातला अर्धाअधिक पोना हिच्या पोटचा. सासूबाई पायरीवर बसून भाताचे गोळे टाकतात आणि ती वर येऊन त्यांच्या बोटांतून घेते. आज मला हात लावू दिला. अंग कसं थंड आणि जड होतं, एखाद्या झोपलेल्या माणसाला हात लावावा तसं.

अंडी देऊन थकलेले मोठे मासे हे लोक विकत नाहीत. गिऱ्हाइकाला जून मासा देणं कमीपणाचं वाटतं. ते घरातच खायचे, आणि डोकं घरातल्या लाडक्या माणसाला. सध्या लाडकी मी. आज भातात घोळवलेलं अख्खं डोकं माझ्या ताटात आलं. पुरुलियात आम्ही आठवड्याच्या बाजारात सुका बोंबील बघून खूश होणारी माणसं, मी तर बोटं चाटत राहिले.

संध्याकाळी सासूबाईंचे गुडघे चोळून दिले. त्यांच्या बाटलीतलं तेल वेगळंच आहे. हे लोक त्याला थंड तेल म्हणतात. वास नाही, चिकटपणा नाही, हाताला गारवा वाटतो. खालाच्या, म्हणजे कालव्याच्या, वरच्या अंगाला विजेचे जुने ट्रान्सफॉर्मर फोडण्याचं आवार आहे, तिथून पिंपं येतात. आवाराचा मालक पूजेला आमच्याकडचे मासे नेतो आणि वर्षभर तेल पाठवतो. सासूबाई म्हणतात, डॉक्टरच्या गोळ्यांपेक्षा हे बरं.

१९ बैशाख

मला दिवस राहिले आहेत. सासूबाईंनी आधी देवाला सांगितलं, मग बुडीमाला, मग गावाला. निताईला कळलं ते गावाकडून. तो बिहारहून रिकाम्या हांड्या घेऊन येत होता आणि चहावाल्याने त्याला फुकट चहा पाजला.

आता रोज एक डोकं. डोक्याने बाळाचं डोकं तल्लख होतं म्हणे. मी म्हटलं मा, मग शेपटीने काय होतं? त्या म्हणाल्या, "शेपटीने तुझ्यासारखी वळवळ होते." जिभेला धार आहे त्यांच्या, आणि ती मला आवडते.

आज पिल्लांच्या तळ्यावर तेल सोडताना पाहिलं. पोना सोडण्याआधी तळ्यातले पाणकिडे मारावे लागतात, नाहीतर ते पिल्लं खाऊन टाकतात. इतर लोक साबण आणि साधं तेल घोळवून टाकतात, ज्याला ऐपत तो डिझेल टाकतो. सासरे थंड तेल टाकतात. स्वतःची युक्ती म्हणून त्यांना तिचा फार अभिमान. बांधावरून डबा वाकडा केला की तेल पाण्यावर पसरत जातं, ऊन पडलं की त्यात जांभळा-हिरवा रंग खेळतो. किडे श्वास घ्यायला वर येतात आणि तिथेच राहतात. थोड्या वेळाने अख्खं तळं शांत झालं. सासरे म्हणाले, "बघ बौमा, एक किडा हलतोय का सांग." एकही हलत नव्हता. मी टाळ्या वाजवल्या.

११ आषाढ

अंडी घेण्याचे दिवस. घरात कुणाला धड जेवायला सवड नाही. माशांना अंडी सुटायचं औषध टोचून गोल टाकीत सोडतात, त्यात पाणी फिरत राहतं आणि सकाळी टाकी अंड्यांनी भरलेली असते, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी. मला फार मौज वाटली. टाकीत हात घालून बसले तर दिदीने मनगट धरून हात बाहेर काढला आणि स्वच्छ पाण्याने धुतला.

दुसऱ्या दिवशी पिल्लं निघाली. अर्धी अंडी पांढरी पडून राहिली. जी निघाली त्यांतली कितीतरी पाठीत वाकलेली. सरळ पोहायला जातात आणि स्वतःभोवतीच फिरतात. सासरे म्हणाले, उन्हाळा कडक होता. गेल्या वर्षी म्हणे थंडी लांबली होती. त्याआधी काय झालं होतं ते मी विचारलं नाही. वाकडी पिल्लं कापडाने गाळून त्यांनी मोठ्या तळ्यात टाकली, बुडीमाला. ती वर आली आणि तोंड उघडून सगळी घेतली.

तिची स्वतःचीच होती ती.

२३ श्रावण

मोठ्या तळ्याकाठच्या शिरीषावर पाणकावळ्यांची घरटी आहेत. खाली विष्ठेने जमीन पांढरी. आज तिथे एक पिल्लू पडलेलं दिसलं. जिवंत होतं. उचललं तर चोच मिटेना. वरचं पातं एकीकडे, खालचं दुसरीकडे, मोडक्या कात्रीसारखी. आई मासा आणत असेल, पण याने धरायचा कसा? मी भाताचा घास बोटाने घशात घातला तर तोही बाजूने गळला. दुपारी ते मेलं. झाडाखाली वाळलेली आणखी होती, गवतात. सगळ्यांची तोंडं तशीच.

निताईला दाखवलं. म्हणाला, वाईट वाटून घेऊ नको, पाणकावळे आपले पोना खातात, चोरच ते. मला त्याचा राग आला आणि मी जेवले नाही. मग सासूबाईंनी मांडीवर डोकं घेऊन, केसांत बोटं फिरवत भरवलं. माशाचं डोकं, आणि दोन्ही डोळे आधी.

९ भाद्र

माझ्या पापण्या सुजल्या आहेत. सकाळी डोळ्यांच्या कडांना काहीतरी पांढरं, लोण्यासारखं येतं. गालावर, मानेवर काळ्या तोंडाच्या पुळ्या. आरोग्यकेंद्रातल्या बाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, पहिलटकरणीला असं होतं, मासे खा भरपूर.

आलता संपला म्हणून काल नखं धुतली.

चिखल नाही तो. मी चिखलात हात घातलाच नाही. नखांच्या मुळाशी, आतून, तपकिरी रेघ आहे.

१५ भाद्र

आज दिवसभर मांडणी केली, आई धान्य निवडते तशी. काय बरं आहे, काय बरं नाही. गाय बरी आहे, शेळ्या बऱ्या आहेत, साळुंक्या बऱ्या, त्यांच्या पिल्लांच्या चोची सरळ. पाणकावळे बरे नाहीत. बदकं तळ्यातल्या गोगलगाई नि पिल्लं खातात, त्यांची अंडी उचलली की हातात फुटतात, कवच कागदासारखं. माणसं बरी नाहीत. म्हणजे जो जो या तळ्यातलं खातो तो तो.

आणि तळ्यात काय जातं? तेल जातं. दरसाल. किड्यांतून पिल्लांत, पिल्लांतून मोठ्यात, आणि सगळ्यांत जुनं, सगळ्यांत चरबीचं जे डोकं, ते माझ्या ताटात.

तेवढ्यात बाळ हललं. पहिल्यांदाच हललं, आणि मी घाबरून त्याला हाताने दाबून धरलं.

१८ भाद्र

सासऱ्यांना सांगितलं. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. डब्यात बोट बुडवून चाटलं आणि म्हणाले, "बघ. मेलो का? इतकी वर्षं हात घालतोय मी यात, बौमा. विष असतं तर किड्यांआधी मी गेलो नसतो?" मग मोठ्याने हसले. दात पांढरेशुभ्र आणि हिरड्या काळ्या. ते मी आधी कसं पाहिलं नव्हतं?

सासूबाई म्हणाल्या, पोटुशीच्या मनात असे खेळ येतात, हिची दृष्ट उतरवा. उतरवली.

मी म्हटलं, निदान मला डोकी नकोत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरीचंही तसंच होणार का, असं म्हणून त्या देवघरात जाऊन बसल्या. घरात चूल पेटली नाही. शेवटी निताई हात जोडून माझ्यासमोर उभा राहिला.

मी खाल्लं. काय करणार होते?

२६ भाद्र

दिदी. माझी दिदी.

आज वाढताना तिने ताटं बदलली. सासूबाई पाणी आणायला वळल्या तेवढ्यात माझ्या ताटातलं माशाचं डोकं तिच्या ताटात आणि तिचा डाळभात माझ्या. सासूबाई परत आल्या तर ती पाठ वळवून, पदराआड डोकं चोखत बसली होती आणि माझ्या ताटात नुसती हाडं, तिने आदल्या जेवणातली लपवून ठेवलेली. नंतर भांडी घासताना मी रडले. ती म्हणाली, "गप. माझं आता आणखी काय जायचंय?"

आणि मग पहिल्यांदाच बोलली. तिने साधेच्या दिवशी डोळा टाकला नव्हता. दोन्ही डोळे खाल्ले होते, हाडंसुद्धा चोखली होती. तिच्या लेकाबद्दल म्हणाली, जन्मला तेव्हा लोण्याच्या गोळ्यासारखा होता गं, गोरा गोरा, नखं गुलाबी. मग महिन्याभरात काळवंडत गेला, ओठ, हिरड्या, नखं. दूध ओढायचा नाही. गावाने त्याला राक्षसाचं मूल म्हटलं, आणि गौरनेही तेच म्हटलं. शिरीषाखाली आहे तो.

पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, जन्मला तेव्हा गोरा होता. आईचा जीव. मी तिला थोपटत राहिले.

१२ आश्विन

एक जिंकले! निताईने माझं ऐकलं. त्याला तेल पटलेलं नाही, पण तो म्हणाला, तुझ्या जिवाला घोर नको. सासरेही शेवटी बधले. बौमाचं मन या दिवसांत दुखवू नये म्हणाले. उरलेली पिंपं गाडीवर चढवून आवारात परत पाठवली. मी बांधावर उभी राहून शेवटचं पिंप वळणाआड जाईपर्यंत पाहिलं. घरात आता थेंब नाही.

रोज दिदी ताट बदलते. तिच्या चेहऱ्यावर पुळ्या फुलल्या आहेत. मी तिच्याकडे बघू शकत नाही आणि बघितल्याशिवाय राहवत नाही.

५ कार्तिक

बाघरोल आलं आज, भर दुपारी. हे मासेखाऊ रानमांजर कधी दिवसा दिसत नाही, काकू म्हणतात त्यांनी उभ्या जन्मात दोनदा पाहिलं. ते तळ्याच्या कडेला आलं, पाण्यात पाय घातला आणि उभं राहिलं. समोरून मासे जात होते. पंजा उचलायचा, तो हवेत लटपटायचा, खाली. पुन्हा उचलायचा. मागचे पाय थरथरत होते. माणसं जमली, पोरांनी ढेकळं मारली, तरी हललं नाही. माझ्याकडे पाहिलं त्याने. पोट सुटलेलं होतं त्याचं.

त्याचं नाही, तिचं. ती गाभण होती.

संध्याकाळी पाण्यावर तरंगत होती.

१९ कार्तिक

उद्या साध. निताई परवाच हांड्या घेऊन गेला, तो असता तरी काय केलं असतं म्हणा.

बुडीमाला काढलं. सासऱ्यांनी स्वतः जाळं टाकलं आणि स्वतः रडले. सासूबाईंनी तिच्या कपाळाला शेंदूर लावला, क्षमा मागितली, म्हणाल्या, "माझ्या नातवासाठी, बुडीमा." कापली तेव्हा मी तिथेच होते. आतली अंडी दगडासारखी, करडी. आणि चरबी. पिवळी, हातभर चरबी, तिला कसलाच वास नव्हता.

दिदीला साधेला बसू देणार नाहीत. मूल गेलेल्या बाईची सावली नको.

२० कार्तिक

खाल्लं.

सगळ्या बायका गोल करून बसल्या होत्या. शंख वाजला, उलू झाला. डोकं परातीएवढं होतं. एक डोळा. दुसरा डोळा. सासूबाई माझा प्रत्येक घास मोजत नव्हत्या, त्या फक्त बघत होत्या आणि त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, लहान मुलाला भरवताना आईचे हलतात तसे. किती प्रेम करते ही बाई माझ्यावर. मला ओरडावंसं वाटत होतं.

नंतर गोठ्यामागे जाऊन घशात बोटं घातली. सगळं निघालं की नाही कळत नाही. दिदी पाठीवर हात फिरवत होती. तिच्याही हातांना आता कंप आहे.

८ अग्रहायण

माहेरी जाऊ द्या म्हटलं. एवढं पोट घेऊन गाडीत नको म्हणाले. आईला बोलवा म्हटलं. आईला धाप लागते, तिला कोण आणणार?

दिदीला तिच्या माहेरी पाठवलं. बाळाच्या जन्मावेळी तिची नजर नको म्हणून. जाताना ती माझ्यापाशी आली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी मधे येऊन तिच्या हातात गाठोडं दिलं. फक्त एवढंच म्हणाली, "टुसू, मी सांगितलेलं विसरू नको. गोरा होता."

विसरले नाही दिदी. पण मी काय करायचं त्याचं?

२७ पौष

आज आमच्याकडे टुसूदेवीचे चौडळ, म्हणजे रंगीत कागदाचे देव्हारे, सजवत असतील. गाणी म्हणत नदीवर—

कळा सुरू झाल्या बहुतेक.

१ माघ

मुलगा.

मुलगा, आणि नखं गुलाबी! मी सुईणीकडून हिसकावून घेतला, दिव्यापाशी धरला, एकेक बोट उघडून पाहिलं. गुलाबी. हिरड्या गुलाबी. पाठ सरळ. तोंड मिटतं, उघडतं, मिटतं. दूध ओढतोय, हावरट. जिंकले गं दिदी, आपण जिंकलो. तुझ्या ताटाने जिंकलो.

बाळंतिणीची खोली अंगणाच्या टोकाला आहे, आंतुडघर म्हणतात. महिनाभर उंबरठा ओलांडायचा नाही, मी विटाळशी. बाळ मात्र सकाळी उन्हात न्यायचं, आजीच्या मांडीवर मालिश. सासूबाई बसतात आणि मोहरीचं तेल कोमट करतात. त्याचा वास इतका तिखट की इथे आत माझे डोळे चुरचुरतात. बाळ शिंकतं. सासूबाई हसतात. मला त्यांच्याबद्दल वाईट लिहिल्याची लाज वाटली.

निताई दाराबाहेर येऊन बसला. लाकडाच्या फळीवर हात थाप थाप—

५ माघ

बाळाच्या अंगावर लाल पुरळ उठलं. थोडंसंच, मांड्यांना. मोहरीच्या तेलाने होतं कधीकधी, सुईण म्हणाली. सासूबाईंचा जीव खालीवर. बाहेरून म्हणाल्या, उद्यापासून सौम्य काहीतरी लावते, बौमा, तू काळजी करू नको, माझ्याकडे आहे.

बरं म्हटलं. झोप आली होती.

६ माघ

ऊन छान आलंय. बाहेर मालिश चाललीय. बाळ आज रडत नाहीये. सासूबाई गातायत. "गार गार लागतंय ना रे माझ्या राजाला? तुझ्या थोरल्या काकूच्या बाळालाही हेच लावायचे मी, कसं शांत झोपायचं—"

आज डोळे चुरचुरत नाहीत.

मी उठून फटीशी गेले. वास—

वास येत नाही. कसलाच वास नाही. गुडघ्यांची बाटली आहे ती. पिंपं गेली, बाटली कुणी—

गोरा होता. जन्मला तेव्हा गोरा होता. दिदी डोक्यांबद्दल नव्हती सांगत, ती मला—

हाक मारली. त्या म्हणाल्या, आत राहा गं, वारा लागेल. कडी बाहेरून आहे. निताई तळ्यावर. हाक मारतेय मी. तळपायांना लावतायत आता. तोंड पुसतायत त्याचं, तेच हात. हसतोय तो. हसतोय आणि बोटं तोंडात—

मा, थांबा. मा, त्याची बोटं, मा—